कल्पिलेला जन्म आणि त्याचा वेष : ‘कासा सुझॅना’च्या छायाचित्रांचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

वस्त्र हे ज्याप्रमाणे शरीराचे आवरण आहे, त्याचप्रमाणे ते सामाजिक स्थानाचे निवेदनही आहे, ही गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. माणसाचे वय, वर्ग, व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि लिंग ह्या पाच गोष्टी पाहणाऱ्यास त्याच्या पोशाखावरून बहुधा एका दृष्टिक्षेपात कळतात. ह्या पाचांपैकी लिंगाची खूण सर्वांत कडक असते. गरिबाने श्रीमंताचा अंगरखा घातला तर समाज त्याला हसतो. वृद्धाने तरुणाचा वेष केला तर समाज नाक मुरडतो. पुरुषाने स्त्रीचा वेष केला तर मात्र अनेक समाजांनी त्याला शिक्षा केली आहे. वेषातील एवढ्या फरकासाठी कायदा का लागावा, हा प्रश्न वस्त्रांच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाच्या एका मर्यादित अंगाचा विचार करावयाचा आहे. पुरुष म्हणून जन्मलेली आणि पुरुष म्हणूनच संसार व नोकरी करणारी, परंतु मधूनमधून स्त्रीवेष धारण करणारी व्यक्ती जेव्हा मनाशी विचारते की, ‘आपण स्त्री म्हणून जन्मलो असतो, तर कसे नेसलो असतो?’, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कोणती स्त्री उभी राहते? वरवर पाहता हा प्रश्न विलासाचा वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी त्या व्यक्तीला आधी हे ठरवावे लागते की ही स्त्री किती वर्षांची, कोणत्या घरातली, कोणत्या गावची, कोणाची कोण. तिला बाजारात जायचे आहे की मेजवानीला, हेही ठरवावे लागते. म्हणजे एका झग्याची निवड ही एका संपूर्ण न जगलेल्या आयुष्याची निवड ठरते. म्हणूनच असे उत्तर स्त्रीत्वाविषयीच्या कल्पनांचे एक मौल्यवान साधन म्हणून वाचता येते.

येथे संज्ञांचा थोडा खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीत ज्यांस ‘क्रॉस-ड्रेसर’ म्हणतात, त्यांस ह्या लेखात ‘परवेषधारी’ असे म्हटले आहे. जी व्यक्ती स्वतःस स्त्रीच मानते आणि त्या नात्यानेच सर्वकाळ जगू इच्छिते, तिचा प्रश्न ह्याहून निराळा आहे. ह्या दोहोंमधील सीमा नेहमीच स्पष्ट नसते, हेही तितकेच खरे. आपल्याकडील तृतीयपंथी समाजाला स्वतःची परंपरा, गुरुशिष्यसंबंध व सामाजिक विधी आहेत. तोही विषय वेगळा. मराठी वाचकाच्या मनात सर्वप्रथम येईल तो रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नट. परंतु नटाचा वेष भूमिकेने ठरतो. सुभद्रेने काय नेसावे हे नाटकाचे कथानक ठरवते. परवेषधाऱ्यापुढे नाटक नसते, भूमिका नसते आणि बहुधा प्रेक्षकही नसतो. म्हणूनच त्याच्या निवडीत कल्पनेचा भाग अधिक शुद्ध स्वरूपात दिसतो.

२. पूर्वपीठिका

ह्या विषयाच्या शास्त्रीय चर्चेत एक नाव वारंवार येते : शेव्हालिए देऑन. इ. स. १७२८ मध्ये फ्रान्समधील तोनेर येथे जन्मलेली ही व्यक्ती पंधराव्या लुईची मुत्सद्दी व गुप्त हेर होती, तसेच घोडदळातील अधिकारीही. १७७७ मध्ये फ्रेंच राजसत्तेने देऑन ही स्त्री असल्याचे मान्य केले आणि तिने यापुढे स्त्रीवेषातच राहावे असा हुकूम काढला. राणी मारी आंत्वानेत हिचे कपडे शिवणाऱ्या रोझ बेर्तँ ह्यांच्याकडून देऑनसाठी वस्त्रे तयार करविण्यात आली. १८१० मध्ये लंडन येथे देऑनचा मृत्यू झाला, तेव्हा शरीर पुरुषाचे असल्याचे निष्पन्न झाले. आयुष्याची ४९ वर्षे पुरुष म्हणून आणि ३३ वर्षे स्त्री म्हणून व्यतीत झाली.

वेषाच्या दृष्टीने ह्या कथेत लक्षणीय गोष्ट अशी की, राजदरबाराने देऊ केलेला झगमगाट देऑनने फारसा आपलासा केला नाही. उत्तरायुष्यातील चित्रांत दिसतो तो काळा, साधा पोशाख आणि त्यावर लावलेला सेंट लुई पदकाचा क्रूस, म्हणजे सैनिकी पराक्रमाबद्दल मिळालेला सन्मान. देऑनच्या कल्पनेतील स्त्री ही दरबारी सुंदरी नव्हती; रणांगणाचा भूतकाळ असलेली प्रौढ स्त्री होती. कल्पिलेल्या जन्मातही प्रत्यक्ष जगलेले आयुष्य टाकून देता येत नाही, हा पहिला निष्कर्ष येथेच हाती लागतो.

विसाव्या शतकात जर्मन वैद्य माग्नुस हिर्शफेल्ड ह्यांनी १९१० मध्ये ह्या विषयावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला व त्यात सतरा व्यक्तींची वृत्ते दिली. ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ ही संज्ञा त्यांचीच. परवेषाची ओढ आणि समलिंगी आकर्षण ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी साधार दाखविले. त्यांच्या खटपटीमुळे बर्लिनचे पोलीस अशा व्यक्तींना एक प्रकारचे परवानापत्र देऊ लागले. १९१९ मध्ये त्यांनी बर्लिन येथे स्थापन केलेल्या संस्थेवर ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी धाड घातली आणि तिच्या ग्रंथालयाची थोड्याच दिवसांत होळी झाली. ह्या विषयाचा पहिला मोठा संग्रह अशा रीतीने नष्ट झाला. इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिस ह्यांनी देऑनच्या नावावरूनच ‘इऑनिझम’ ही संज्ञा सुचविली. ती मात्र रूढ झाली नाही.

३. ‘कासा सुझॅना’ : स्थळ आणि माणसे

वरील साधनांत परवेषधाऱ्यांविषयी दुसऱ्यांनी लिहिलेले पुष्कळ आहे. त्यांनी स्वतः निवडलेला वेष स्वतःच्या नजरेने टिपलेला असा पुरावा थोडा. ती उणीव एका संग्रहाने बरीचशी भरून काढली आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत काही पुरुष शनिवार-रविवारी एकत्र जमत आणि ते दोन दिवस स्त्रीवेषात घालवीत. ह्या स्थळाची व्यवस्था सुझॅना व्हॅलेंटी ह्या नावाने वावरणारी व्यक्ती आणि तिची पत्नी मारी ह्या दोघांकडे होती. मारी ह्यांचे न्यूयॉर्क शहरात केसांच्या टोपांचे दुकान होते. पहिल्या जागेला त्यांनी शेव्हालिए देऑनचेच नाव दिले होते. पुढे ते जवळच्याच एका लहान घरात आले आणि त्याचे नाव ‘कासा सुझॅना’ असे पडले.

ह्या गोतावळ्याचे मुखपत्र म्हणता येईल असे नियतकालिक म्हणजे ‘ट्रान्सव्हेस्टिया’. व्हर्जिनिया प्रिन्स ह्यांनी ते १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथून सुरू केले. त्यात वाचकांची आत्मवृत्ते, पत्रे, कथा आणि छायाचित्रे येत. सुझॅना ह्यांचा त्यात नियमित स्तंभ असे. परवेषधारी पुरुषाच्या अंतर्यामी स्त्रीस्वभावाचा एक अंश दडलेला असतो आणि वस्त्र हे त्याच्या अभिव्यक्तीचे साधन आहे, अशी प्रिन्स ह्यांची भूमिका होती. १९६२ मध्ये त्यांनी ह्याच तत्त्वावर एक संघटनाही उभारली. तिचे सभासदत्व बुद्ध्याच भिन्नलिंगी आकर्षण असलेल्या पुरुषांपुरते ठेवण्यात आले होते. १९९७ मध्ये रिचर्ड डॉक्टर आणि प्रिन्स ह्यांनी १,०३२ परवेषधाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात ८७ टक्के व्यक्तींनी आपण भिन्नलिंगी आकर्षणाचे असल्याचे सांगितले; ज्यांनी कधीच विवाह केला नव्हता असे केवळ १७ टक्के होते आणि पाहणीच्या वेळी विवाहित असलेले ६० टक्के. म्हणजे ह्यांतील बहुसंख्य माणसे घरसंसार करणारी होती.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क येथील एका जुन्या बाजारात ‘कासा सुझॅना’ येथील छायाचित्रांचा मोठा गठ्ठा मिळाला. त्यांचे पुस्तक २००५ मध्ये निघाले. २०१५ मध्ये टोरोंटो येथील आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टॅरिओने सुमारे ३४० छायाचित्रांचा संग्रह विकत घेतला. २०२२ मध्ये ह्याच विषयावर सेबास्तियँ लिफशित्झ ह्यांचा अनुबोधपट आला आणि २०२३ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे ह्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले.

४. कायदा आणि चीट

ह्या छायाचित्रांतील वेषाचा अर्थ लावण्यापूर्वी तो वेष करण्यात कोणता धोका होता, हे पाहिले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यात चेहरा रंगवून अथवा ओळख पटू नये अशा रीतीने वेषांतर करून सार्वजनिक ठिकाणी वावरणे हा गुन्हा होता. हा कायदा १८४५ चा. त्याचा उगम मोठा उद्बोधक आहे. त्या काळी हडसन नदीच्या खोऱ्यात आणि कॅट्सकिल भागात बड्या जमीनदारांच्या कुळांनी खंड न देण्याची चळवळ चालविली होती. वसुलीस येणाऱ्या अधिकाऱ्यांस हुसकून लावताना हे शेतकरी ओळख लपविण्यासाठी मेंढीच्या कातड्याचे मुखवटे आणि छापील चिटाचे पायघोळ झगे घालीत. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी हा कायदा झाला.

पुढे कुळांची चळवळ इतिहासजमा झाली. कायदा मात्र राहिला. विसाव्या शतकात त्याच कायद्याच्या आधारे पोलीस स्त्रीवेषातील पुरुषांस पकडू लागले. ज्या डोंगरांत चिटाचे झगे घातलेल्या शेतकऱ्यांमुळे हा कायदा जन्मला, त्याच डोंगरांत शंभराहून अधिक वर्षांनी काही पुरुष झगे घालण्यासाठी त्याच कायद्याच्या भीतीने लपून जमत होते. मुखवटाबंदीच्या स्वरूपात उरलेला त्याचा अवशेष २०२० मध्ये रद्द झाला.

अटकेचा अर्थ केवळ दंड वा कोठडी एवढाच नव्हता. नाव उघड झाले की नोकरी जाई, बायकामुले दुरावत, शेजारपाजार तुटे. टपालही सुरक्षित नव्हते. खुद्द प्रिन्स ह्यांच्यावर खासगी पत्रव्यवहारावरून अश्लील मजकूर टपालाने पाठविल्याचा खटला झाला होता. छायाचित्रे धुण्यासाठी दुकानात देणे हेही धोक्याचे होते. म्हणूनच तत्काळ चित्र देणारा पोलरॉइड कॅमेरा अथवा घरच्या घरी फिल्म धुण्याची सोय ही ह्या मंडळींच्या दृष्टीने चैन नसून गरज होती. एवढा धोका पत्करून ही माणसे नेमके काय नेसत होती, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

५. छायाचित्रांतील वेष

उत्तर अनपेक्षित आहे. ह्या संग्रहात कोणी नटीचा झगमगीत पोशाख केलेला क्वचितच आढळतो. बहुतेक छायाचित्रांत दिसते ती मध्यमवर्गीय, मध्यमवयीन, सभ्य गृहिणी. पुढे बटणे असलेला, कमरेशी आवळलेला आणि खाली घेरदार असा झगा. लोकरीचा आखूड सदरा आणि त्याच रंगाचे जाकीट. गळ्यात मोत्यांचा एक सर. हातात पांढरे हातमोजे. डोक्यावर नीट विंचरलेला टोप. कोणाच्या डोळ्यांवर कडेला वर निमुळता होत गेलेला त्या काळचा चष्मा. कोणी चहा पीत आहे, कोणी पत्त्यांचा अथवा अक्षरांचा खेळ मांडून बसले आहे, कोणी स्वयंपाकघरात एप्रन बांधून उभे आहे, कोणी पायरीवर ऊन खात आहे. चित्रे पाहणाऱ्यास हा एखाद्या महिला मंडळाच्या सहलीचा संग्रह वाटावा.

ह्या निवडीची कारणे एकाहून अधिक आहेत.

पहिले कारण शारीरिक आहे. १९४७ मध्ये फ्रेंच वस्त्ररचनाकार क्रिस्तियाँ दिओर ह्यांनी निमुळती कंबर व विस्तृत घेर असलेली आकृती प्रचारात आणली आणि पुढील दहा वर्षे तिचेच राज्य होते. ही आकृती मुळातच बांधीव होती. प्रत्यक्ष स्त्रियांनाही ती कॉर्सेट, अस्तर आणि भरण ह्यांच्या साहाय्याने साधावी लागे. जी आकृती सर्वांसच शिवून घ्यावी लागते, ती पुरुषाच्या शरीरावरही शिवता येते. रुंद खांद्यांचा तोल घेराने सावरतो आणि घेरामुळे कंबर आहे त्याहून बारीक भासते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे होय. नटवेपणाकडे नजर वळते. साधेपणावरून ती घसरून जाते. सुझॅना आपल्या स्तंभातून परिधान, चालणे, बसणे ह्यांविषयी सल्ला देत; त्या सल्ल्यामागे अभिरुचीइतकाच व्यवहारही होता. जी स्त्री कोणाच्याही लक्षात येत नाही, तीच सुरक्षितपणे रस्त्यावरून जाऊ शकते.

तिसरे कारण नमुन्याचे आहे. माणूस शून्यातून कल्पना करीत नाही. ह्या पुरुषांसमोर स्त्रीचा जो नमुना होता, तो आई, बहीण, पत्नी आणि शेजारीण ह्यांचा. ते स्वतः ज्या वर्गाचे, त्याच वर्गाची स्त्री त्यांच्या मनात उभी राहिली. ‘आपण स्त्री असतो तर’ ह्या वाक्यातील ‘आपण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. लिंग बदलले, घर, गाव, मिळकत, वय आणि वर्ण हे मात्र बदलले नाहीत. कारकुनाच्या कल्पनेत राणी आली नाही, कारकुनाची बहीण आली. देऑनच्या काळ्या झग्यावरील पदकाची आठवण येथे व्हावी.

चौथे कारण सर्वांत खोल आहे. वेषांतर हे स्वतःला लपविण्यासाठी असते, अशी कायद्याची समजूत होती. ‘कासा सुझॅना’ येथे येणाऱ्यांचा अनुभव नेमका उलटा होता. त्यांच्या लेखी आठवडाभर कचेरीत घातलेला कोट हेच वेषांतर होते. जे लपून राहिले आहे ते उघड करावयाचे असेल, तर त्याला उत्सवाचे रूप देऊन चालत नाही. त्याला रोजचे रूप द्यावे लागते. पत्ते खेळणे, भांडी विसळणे, चहा ओतणे ह्या क्रियांची छायाचित्रे घेण्यासारखे त्यांत काय आहे, असे कोणी विचारील. त्यांत जे आहे ते हेच की, स्त्री म्हणून जन्मलेल्या व्यक्तीला जे अनायास लाभते आणि म्हणून कधी दिसतही नाही, ते सामान्यपण ह्यांना दोन दिवसांपुरते लाभले होते. हौस अलंकारांची नव्हती असे नाही. परंतु अलंकारांच्याही पलीकडची हौस साधेपणाची होती.

६. कल्पनेच्या मर्यादा

तथापि ह्या कल्पनेकडे केवळ सहानुभूतीने पाहून भागणार नाही. तिच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत.

ज्या दशकात हे पुरुष घेरदार झगे आणि हातमोजे जपून ठेवीत होते, त्याच दशकात त्यांच्या बहिणी व मुली ते टाकून देत होत्या. बेटी फ्रीडन ह्यांनी गृहिणीपदाच्या आदर्शावर टीका करणारे आपले पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकन स्त्रिया घरी आणि बाहेरही पँट घालू लागल्या होत्या. दशकाच्या मध्यास आखूड झगा आला. म्हणजे कल्पनेतील स्त्री प्रत्यक्ष स्त्रीपेक्षा अधिक ‘स्त्रीसारखी’ नेसत होती. ह्याचे कारण शोधणे कठीण नाही. प्रत्यक्ष स्त्रीचा पोशाख ही तडजोड असते : काम, पैसा, हवामान, कडेवरचे मूल आणि सकाळची घाई ह्यांच्याशी केलेली. कल्पिलेल्या स्त्रीला सोमवार नसतो. तिच्या एप्रनवर डाग पडत नाहीत. रविवारी संध्याकाळी वस्त्रे पेटीत घालून जो परत जाऊ शकतो, त्याला त्या वस्त्रांतील सुख दिसते. त्यांतील सक्ती तितकीशी दिसत नाही.

दुसरी मर्यादा वर्गाची व वर्णाची. शनिवार-रविवारी डोंगरात जाण्याइतका पैसा व सवड ज्यांस होती, त्यांचीच ही छायाचित्रे आहेत, आणि ती बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गाची आहेत. त्याच काळी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अटक होणारे, गरीब, कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोतून आलेले परवेषधारी ह्या संग्रहात जवळजवळ दिसत नाहीत. सभ्य गृहिणीचा वेष हा त्या इतरांपासून आपले अंतर राखण्याचाही एक मार्ग होता, हे नाकारता येत नाही. प्रिन्स ह्यांच्या संघटनेने समलिंगी पुरुषांस आणि शरीरबदलाची इच्छा असलेल्यांस दूर ठेवले, त्यामागेही हीच प्रतिष्ठेची काळजी होती.

तिसरी मर्यादा पत्नींच्या दृष्टीने. मारी ह्यांनी टोप पुरविले आणि पाहुण्यांची व्यवस्था पाहिली. काही सभासदांच्या पत्नी स्वतः तेथे येत. इतर कितीतरी जणींना वर्षानुवर्षे काहीच ठाऊक नव्हते अथवा ठाऊक असून बोलता येत नव्हते. पुरुषाच्या ह्या कल्पनेसाठी घरातील खरी स्त्री कोणती किंमत देत होती, ह्याचे छायाचित्र कोणी घेतलेले नाही. संग्रह वाचताना ही अनुपस्थितीही वाचली पाहिजे.

ह्या मर्यादांमुळे मूळ निष्कर्ष बाधित होत नाही. उलट तो अधिक स्पष्ट होतो. आणि पेटी बंद करणे सर्वांनाच जमले असेही नाही. प्रिन्स १९६८ पासून पूर्ण वेळ स्त्री म्हणून राहू लागल्या. काही वर्षांपुरता केलेला वेष काहींच्या बाबतीत कल्पना राहिला नाही, आयुष्य झाला. त्यांना सोमवारही मिळाला.

७. मराठी रंगभूमीची तुलना

मराठी रंगभूमीचा अनुभव ह्या संदर्भात तुलनेस उपयुक्त आहे, कारण तेथे कल्पनेचा प्रवाह उलट दिशेने वाहिला. १८८२ मध्ये ‘सौभद्रा’त भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रा उभी केली, त्या काळी कुलीन स्त्रियांना रंगमंचावर येण्याची मुभा नव्हती. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, ह्यांनी पुढे ‘मानापमाना’तील भामिनी आणि ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी अशा रीतीने सजविली की सुखवस्तू घरांतील स्त्रिया त्यांच्या लुगडी नेसण्याच्या, दागिने घालण्याच्या आणि केसांत फुले माळण्याच्या पद्धतीचे अनुकरण करू लागल्या. ‘कासा सुझॅना’ येथे पुरुषांनी घरातील स्त्रीकडे पाहून आपला वेष ठरविला. येथे घरातील स्त्रीने पुरुषाकडे पाहून आपला वेष ठरविला.

ह्या भेदाचे मूळ प्रेक्षकांत आहे. नटाचा वेष प्रकाशात, शेकडोंच्या समोर आणि सर्वांच्या संमतीने होत असे. तो समाजाने मागितलेला होता. म्हणून त्याला शालू आणि पैठणी ह्यांचे वैभव परवडले. परवेषधाऱ्याचा वेष समाजाने मागितलेला नव्हता, म्हणून त्याने स्वतःस सामान्यपणात लपविले. तथापि दोहोंत एक समान सूत्रही आहे. दोन्ही ठिकाणी स्त्रीने कसे दिसावे ह्याचा आदर्श पुरुषाच्या कल्पनेतून साकार झाला, आणि दोन्ही ठिकाणी हे सिद्ध झाले की ज्याला आपण स्त्रीचे ‘स्वाभाविक’ दिसणे म्हणतो, ते शिकून, सराव करून आणि शिवून घेऊन साधता येते. नऊवारी लुगड्याचा काष्टा मुलीलाही कोणीतरी शिकवावाच लागतो. फरक एवढाच की, तिला शिकविताना कोणी त्याला कला म्हणत नाही आणि गुन्हाही म्हणत नाही.

८. समारोप

वैद्यकशास्त्राने ह्या प्रवृत्तीकडे दीर्घकाळ विकार म्हणून पाहिले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९६८ च्या सूचीत तिचा समावेश लैंगिक विकृतींत होता. २०१३ च्या सूचीने केवळ वेष करण्यास विकार मानलेले नाही. त्यातून उत्पन्न होणाऱ्या तीव्र कामोत्तेजनेमुळे त्या व्यक्तीस यातना होत असतील अथवा तिच्या व्यवहारात अडथळा येत असेल, तरच निदान करावे, असे ती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या आपल्या वर्गीकरणातून परवेषाची स्वतंत्र नोंदच वगळली आहे. निदानाची भाषा अशी मागे सरल्यावर अभ्यासकासमोर हा विषय संस्कृतीचा विषय म्हणून मोकळा होतो.

परंतु ह्या मोकळिकेबरोबर एक जबाबदारीही येते. ‘कासा सुझॅना’ची छायाचित्रे प्रदर्शनासाठी काढलेली नव्हती. ती एकमेकांस देण्यासाठी, टपालाने जपून पाठविण्यासाठी आणि कपाटाच्या तळाशी ठेवण्यासाठी काढलेली होती. जुन्या बाजारात ती आली, ह्याचा अर्थ कोणाचे तरी कपाट त्याच्यामागे रिकामे करण्यात आले. जी व्यक्ती आयुष्यभर ओळख पटू नये म्हणून धडपडली, तिचा चेहरा आज संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. त्या चेहऱ्याकडे हसण्यासाठी पाहता येईल, निदानासाठी पाहता येईल, किंवा त्या व्यक्तीने स्वतःकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर समजून घेण्यासाठीही पाहता येईल. ह्यांपैकी तिसऱ्या मार्गानेच ज्ञानात काही भर पडते.

‘स्त्री म्हणून जन्मलो असतो, तर कसे नेसलो असतो?’ ह्या प्रश्नाचे ह्या छायाचित्रांनी दिलेले उत्तर सारांशरूपाने असे मांडता येईल : माणूस लिंग ओलांडून कल्पना करू शकतो, परंतु आपला वर्ग, आपले वय आणि आपला काळ ओलांडून कल्पना करणे त्याला फार कठीण जाते. कॅट्सकिलच्या डोंगरात जमलेल्या त्या माणसांनी कायद्याची, नोकरीची आणि घराची जोखीम पत्करली, आणि त्या जोखमीच्या मोबदल्यात मागितले ते एवढेच की, रविवारी दुपारी घेरदार झगा नेसून, गळ्यात मोत्यांचा सर घालून, चारचौघींसारखे चहाला बसावे.